‘लाय’ की ‘ले’? या चुका टाळा

‘आय वॉज लेइंग ऑन द बेड’ हे वाक्य चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही तोंडून निघतं. हवं असतं ‘लाइंग’. खुद्द इंग्रजही इथे अडखळतात. पण परीक्षेत गुण आपलेच जातात.

रूपं घोकण्याआधी नातं बघा. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, पडून असणं. ‘ले’ हे त्याचं प्रयोजक: आडवं करणं, ठेवणं. आपलं पडणे-पाडणे तसंच. आणि हे नुसतं वरवरचं साम्य नव्हे. संस्कृतात ‘पतति’चं ‘पातयति’ ज्या प्रत्ययाने होतं, त्याचंच भावंड इंग्रजीची पूर्वज असलेल्या जुन्या जर्मानिक भाषेत होतं. त्यातून ‘लाय’चं ‘ले’ झालं, ‘सिट’चं ‘सेट’ झालं. ‘सेट’ आणि संस्कृत ‘सादयति’ तर थेट सख्खे.

खरी मेख भूतकाळात आहे. लाय-ले-लेन, ले-लेड-लेड. म्हणजे एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ! ‘ही लेड डाउन फॉर अ व्हाइल’ ही चूक इथूनच येते. इथे मराठी कामाला येते. वाक्य मराठीत, तृतीय पुरुषी भूतकाळात म्हणून बघा. ‘कोंबडीने अंडं घातलं’, ‘तिने बाळाला निजवलं’: ‘ने’ आला, म्हणून ‘लेड’. ‘तो जरा आडवा झाला’: ‘ने’ नाही, म्हणून ‘ले’. ‘मी’ वापरलात तर फसाल, कारण तिथे ‘ने’ दिसतच नाही.

‘लाइड’ हे रूप मात्र खोटं बोलण्याच्या ‘लाय’चं. ते क्रियापद मुळातच वेगळं. ‘ही लाइड ऑन द सोफा’ म्हणजे गडी सोफ्यावर बसून थापा मारत होता.

‘लेड’च्या स्पेलिंगमध्ये वाय नको, ‘पेड’सारखंच आय-डी.

गोतावळा जुळवतानाही घाई नको. ‘लेमन’ (लिंबू नव्हे, सामान्य माणूस) यातला ‘ले’ ग्रीकमधून आलाय, ‘डिले’ फ्रेंचमधून, दोघेही परके. उलट ‘लॉ’ घरचा निघतो: घालून दिलेला तो कायदा. तो इंग्रजीत आला स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स लोकांकडून. ‘फेलो’ही त्यांचाच. मूळ शब्द ‘फेलागी’: ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, धन, ते सामाईक धंद्यात घालणारा तो फेलो, म्हणजे चक्क भागीदार.