पाय डगमगले की मन? नेमका इंग्रजी शब्द कसा निवडायचा

मराठीत 'डगमगणे' होडीला चालतं, टेबलाला चालतं, मनालाही चालतं. इंग्रजीत मात्र या प्रत्येकाला वेगळं क्रियापद लागतं. शब्दकोशात वॉबल, टॉटर, वेव्हर, फॉल्टर या सगळ्यांपुढे जवळपास तेच अर्थ दिलेले असतात, त्यामुळे अर्थ पाठ करून भागत नाही. आधी प्रश्न विचारा. हालचाल असेल तर: बूड कुठे टेकलंय आणि तोल कशाने गेला? मनाची चलबिचल असेल तर: निर्णयाच्या कोणत्या टप्प्यावर गाडी अडली?

हालचालीपासून सुरुवात करू. बूड पक्कं आणि वरचा भाग डुलतोय तर स्वे: वाऱ्यात झाड, उंच इमारत, सुरांवर डुलणारी माणसं. इथे पडण्याची भीती असलीच पाहिजे असं नाही. टेकूच धड नसेल तर वॉबल: एक पाय आखूड असलेलं टेबल, सैल झालेलं सायकलचं चाक. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी खुला झाला, चालणाऱ्यांच्या पायाखाली आडवा हलायला लागला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. २००२ मध्ये तो दुरुस्त होऊन उघडला, पण 'वॉबली ब्रिज' हे लोकांनी दिलेलं नाव टिकलं.

माणूस चालतोय, पण झोकांड्या खात, तर स्टॅगर. कारण दारू असेल, मार असेल किंवा पाठीवरचं ओझं. स्टंबलमध्ये पाय कशाला तरी अडखळतो किंवा चुकीचा पडतो. स्टॅगरला वाटेत दगड लागत नाही. रील म्हणजे धक्क्याने भेलकांडणं, म्हणून त्याच्यामागे बहुधा 'फ्रॉम' आणि धक्क्याचं कारण येतं. टॉटरमध्ये अशक्तपणा आहे: थकलेला म्हातारा, नुकतं उभं राहिलेलं बाळ, वेडीवाकडी रचलेली पुस्तकांची चळत. दुडुदुडु चालणाऱ्या मुलासाठी टॉडल; टॉडलर हा शब्द त्यातूनच आला. टीटरला कड हवी. 'टीटरिंग ऑन द ब्रिंक ऑफ' हा तुकडा अख्खाच लक्षात ठेवा, कारण वर्तमानपत्रात तो सतत भेटतो. लर्च हा एकच, अचानक बसलेला हिसका. बस सुटताना बसतो तसा. 'लीव्ह इन द लर्च', म्हणजे ऐनवेळी वाऱ्यावर सोडणं, यातला लर्च मात्र वेगळा आहे. तो एका जुन्या फ्रेंच खेळाच्या नावावरून आला.

स्टॅगरची एक जागा फसवी आहे. 'स्टॅगरिंग अमाउंट' म्हणजे थक्क करणारी रक्कम. 'स्टॅगर्ड टायमिंग्ज' म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी न बोलावता टप्प्याटप्प्याने ठेवलेल्या वेळा. दोन्हींत झोकांडी नाही.

आता मन. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्या टाळायला टप्प्यांचा क्रम फार उपयोगी पडतो. पाऊल उचलण्याआधी थबकलात तर हेझिटेट. याचं लॅटिन मूळ 'चिकटून राहणे' असं आहे, आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखं चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की शब्द चुकत नाही. दोन पर्यायांमध्ये हेलकावे चालू असतील तर व्हॅसिलेट. मागे बहुधा 'बिट्वीन'. पर्याय दोन असोत की दहा, नुसतं घुटमळून वेळ घालवणं म्हणजे डिदर. या शब्दात टीका आहे, त्यामुळे वरिष्ठांबद्दल लिहिताना जपून. शिली-शॅली हा त्याचा बोलीतला भाऊ, 'शॅल आय? शॅल आय?' या घोळण्यातून तो तयार झाला.

निर्णय झालाय, पण निर्धार ढिला पडतोय, तर वेव्हर. आधी ठामपणा नसेल तर वेव्हर सहसा बसत नाही. 'शी नेव्हर वेव्हर्ड' ही म्हणूनच मोठी स्तुती आहे. आणि काम सुरू झाल्यावर दम किंवा लय तुटली तर फॉल्टर: भाषणात दाटून आलेला आवाज, मंदावलेली अर्थव्यवस्था, मध्येच धडधडून बंद पडू पाहणारं इंजिन.

प्रिव्हॅरिकेट या रांगेत बसवू नका. मुळात त्याचा अर्थ 'वाकडं चालणे', आजचा अर्थ सरळ उत्तर टाळणे. त्या माणसाला काय करायचंय ते ठाऊक असतं. तो फक्त बोलत नाही. वॅफल तर ब्रिटनमध्ये पाल्हाळ लावणं आणि अमेरिकेत भूमिका बदलत राहणं, म्हणून वाचक कोण आहे ते पाहून वापरा.

आकड्यांसाठी दोन शब्द वेगळे ठेवा. भाव, तापमान अनियमित वरखाली होत असेल तर फ्लक्चुएट. दोन टोकांत लंबकासारखं ये-जा करत असेल तर ऑसिलेट.

स्पेलिंगही सांभाळा. व्हॅसिलेटमध्ये सी एक, एल दोन. ऑसिलेटमध्ये एस आणि सी दोन्ही लिहायचे, पण ऐकू येतो फक्त स. वेव्हरमध्ये आय घुसला की त्याचा अर्थ हक्क किंवा शुल्क सोडून देणं असा होतो, आणि उच्चार तोच असल्याने चूक कानाला कळत नाही. 'आय ॲम कन्फ्यूज्ड' हे वाक्यही तपासा. त्याचा अर्थ 'मला समजलं नाही'. समजलंय पण ठरत नाही, तर 'आय ॲम इन टू माइंड्स' किंवा 'अनडिसाइडेड'.

सरावासाठी नोकरी बदलण्याच्या विचारावर पाच वाक्यं लिहा, प्रत्येकात हेझिटेट, व्हॅसिलेट, डिदर, वेव्हर, फॉल्टर यांपैकी एक. मग प्रत्येक वाक्याच्या आधी काय घडलं ते मराठीत एका ओळीत मांडा. वेव्हरच्या आधी झालेला निर्णय सापडला नाही, तर तिथे बहुधा व्हॅसिलेट हवंय. फॉल्टरच्या आधी सुरू झालेलं काम सापडलं नाही, तर हेझिटेट.