थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम: बेळगाव सीमाभागातून योग्य तज्ज्ञापर्यंत कसे पोहोचावे

कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद जागेतून हाताकडे जाणारे मज्जातंतू, एक धमनी आणि एक शीर जाते. या वाटेत यांपैकी कशावरही दाब आला की हाताला कळ, मुंग्या, बधिरपणा किंवा सूज येते, आणि त्यालाच थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. हे दुखणे मान, खांदा, हात आणि रक्तवाहिन्या या सगळ्यांच्या सीमेवर असल्यामुळे कोणत्याही एका विभागाचे ठरत नाही. आपल्याकडे अशा रुग्णाला बहुधा प्रथम ‘स्पाँडिलायटिस’ सांगितला जातो, मानेला पट्टा मिळतो आणि वर्ष निघून जाते. म्हणून डॉक्टरांचे नाव शोधण्याआधी दाब कशावर आहे हे ठरवावे, कारण तज्ज्ञ त्यावरच बदलतो.

दोन प्रकारांत वेळ दवडू नये. हात अचानक सुजला, निळसर व जड झाला, खांद्यावर आणि छातीवर शिरा उठून दिसू लागल्या, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. तालमीत कसणाऱ्या, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या किंवा डोक्यावर हात नेऊन श्रमाचे काम करणाऱ्या तरुणांमध्ये हे दिसते. गुठळी विरघळवण्याचा उपचार साधारण पहिल्या 14 दिवसांत सर्वांत उपयोगी ठरत असल्यामुळे ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जावे. हात गार व पांढरा पडणे, बोटांच्या टोकांवर काळे डाग येणे ही धमनीवरील दाबाची लक्षणे असून त्यामागे पुष्कळदा मानेची जादा बरगडी असते. अशा वेळी जवळचे मोठे रुग्णालय हेच योग्य रुग्णालय होय. खानापूर, हुक्केरी किंवा बैलहोंगलकडच्या लोकांसाठी ते बेळगावातील बिम्स हे सरकारी रुग्णालय किंवा केएलई रुग्णालय असेल, तर निपाणीहून कोल्हापूर आणि कागवाडहून मिरज जवळ पडते. तेथे हाताच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) त्याच वेळी होतो का, हे निघतानाच फोन करून विचारावे.

मात्र दहापैकी नऊहून अधिक रुग्णांमध्ये दाब मज्जातंतूंवर असतो आणि खरी भटकंती त्यांच्याच वाट्याला येते. हात वर धरला की दुखणे वाढते, करंगळी व अनामिका बधिर होतात, पकड सैल पडते. हे दुखणे सिद्ध करणारी एकच एक चाचणी नाही, त्यामुळे पहिला टप्पा इतर कारणे बाजूला काढण्याचा असतो. तो बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीतील चांगल्या न्यूरोलॉजिस्टकडे किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे पूर्ण करता येतो, त्यासाठी बंगळूरला धाव घेण्याची गरज नाही. मानेच्या मणक्यातील गादी सरकणे, मनगटात किंवा कोपरापाशी मज्जातंतू दबणे आणि खांद्याच्या स्नायूंची इजा ही कारणे प्रथम तपासली जावीत. छातीचा एक्स-रेही काढावा, विशेषतः रुग्ण विडी-सिगारेट ओढणारा असल्यास, कारण फुप्फुसाच्या टोकावरील गाठही अशीच हातात कळ आणते. मानेच्या एक्स-रेमध्ये जादा बरगडी दिसू शकते, पण ती असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

एनसीव्हीचा, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल या प्रकारात अनेकदा निर्दोष येतो. तो पाहून ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनाचा खेळ आहे’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवणे हा मला अन्याय वाटतो. ज्याला हे दुखणे माहीत आहे तो डॉक्टर अहवालावर न थांबता कॉलरबोनच्या वरची जागा दाबून पाहतो, दोन्ही हात वर करून तीन मिनिटे मुठी उघड-मीट करायला लावतो आणि दोन्ही हातांची पकड ताडून बघतो. पहिल्या भेटीत शर्टही न काढता केवळ एमआरआय वाचला गेला, तर दुसरे मत घ्यावे.

शस्त्रक्रियेचा विषय निघाल्यावर शोध वेगळा होतो. शीर किंवा धमनीसाठी व्हॅस्क्युलर सर्जन लागतो. मज्जातंतूंसाठी व्हॅस्क्युलर किंवा छातीचा सर्जन, अथवा खांद्याजवळील मज्जातंतूंच्या जुडग्यावर नियमित काम करणारा प्लास्टिक सर्जन वा न्यूरोसर्जन चालतो. पाटीवर ‘हृदय, छाती व रक्तवाहिन्या’ असे लिहिलेले असले तरी त्या डॉक्टरांचे बहुतेक काम हृदयाचे असू शकते, म्हणून पदवीपेक्षा सराव विचारावा. गेल्या वर्षभरात या दुखण्याच्या किती शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केल्या, पहिली बरगडी काखेतून काढतात की कॉलरबोनच्या वरून, आणि श्वासपटलाच्या मज्जातंतूला इजा होण्याचा धोका ते कसा टाळतात, हे प्रश्न मोकळेपणाने करावेत. अनुभवी सर्जन अशा प्रश्नांनी दुखावत नाही. मज्जातंतूंच्या प्रकारात, हाताचे स्नायू झिजू लागलेले नसतील, तर आधी काही महिने नीट फिजिओथेरपी झालेली असावी. ती न करताच शस्त्रक्रियेची तारीख देणारा किंवा शंभर टक्के बरे करण्याची हमी देणारा डॉक्टर टाळावा. कर्नाटक किंवा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीही पडताळता येते.

खर्चाचा विचार प्रवासाआधी व्हावा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत तातडीची वेळ वगळता सरकारी रुग्णालयाची रेफर चिठ्ठी लागते, म्हणून सुरुवात बिम्समधून केलेली बरी. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय घेतला. आपल्या गावाला तो प्रत्यक्षात मिळतो का आणि ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे कोल्हापूर किंवा मिरजेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधीच विचारावे.

फाईलमध्ये एक्स-रे आणि एमआरआयच्या मूळ फिल्म किंवा सीडी, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एका पानावर आपली हकिकत असावी: त्रास केव्हा सुरू झाला, कोणते काम करताना वाढतो, कोणती बोटे बधिर होतात, कोणत्या उपचाराने काय फरक पडला. मागावर बसणाऱ्या विणकराने किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत काम करणाऱ्याने आपल्या कामात हात कसा व किती वेळ उचलावा लागतो हे आवर्जून लिहावे. हुबळी किंवा बंगळूरला जाताना कन्नड नीट बोलता-वाचता येणारे कुणी सोबत असल्यास फॉर्म भरणे आणि डॉक्टरांना दुखणे समजावणे सोपे जाते. घरी परतण्यापूर्वी सर्जनकडून व्यायामाचा लेखी तक्ता आणि गावाजवळच्या फिजिओथेरपिस्टच्या नावे पत्र मागून घ्यावे, कारण पुढचे कित्येक आठवडे त्या तक्त्याप्रमाणेच खांद्याचे काम करून घ्यावे लागते.