चळवळीतून धंद्याकडे : गोव्यात खोबरेल तेलाच्या साबणापासून सुरुवात

2020 मध्ये मोलेच्या जंगलातल्या तीन प्रकल्पांविरुद्ध जी तरुण मुले-मुली उभी राहिली, किनारे साफ करायला जी दर रविवारी जातात, त्यांच्यातले बरेचजण आता विचारतात की पर्यावरण जपण्याच्या याच विचारावर पोट भरता येईल का. येते. पण चळवळीत ओळख आहे म्हणून माल खपतो, हा समज आधी काढून टाका. ओळखीची माणसे एकदा घेतात. दुसऱ्यांदा घेतात ती वस्तू चांगली असेल तरच. म्हणून बांबूचे ब्रश, कापडी पिशव्या, मेणकापड, शॅम्पूच्या वड्या असे दहा प्रकार एकदम मांडू नका. एकच वस्तू घ्या, जिचा कच्चा माल आपल्या तालुक्यात मिळतो आणि जी गोव्याच्या पावसाळ्यात टिकते. आमच्या मते ती वस्तू म्हणजे खोबरेल तेलाचा भांडी-कपड्यांचा साबण.

अंगाचा साबण का नाही? कायद्याने तो सौंदर्यप्रसाधन आहे. घरच्या ओट्यावर दहा वड्या केल्या तरी विकण्यासाठी बनवायच्या तर सौंदर्यप्रसाधने नियम 2020 खाली उत्पादनाचा परवाना लागतो, आणि तो गोव्यात बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. त्यासाठी वेगळी जागा, तांत्रिक माणूस, तपासणीची सोय हे सगळे आले. ‘घरगुती आहे, चालते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नका. भांड्यांच्या साबणाला हा परवाना लागत नाही. त्यावर हात बसला, चार पैसे जमले, की अंगाच्या साबणाकडे वळता येते.

आता तेल. सगळा धंदा इथेच तरतो किंवा बुडतो. बाटलीबंद तेल परवडत नाही, म्हणून घाण्यावरून डबा घ्या, किंवा गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या दुकानात चौकशी करून चांगले खोबरे मिळवा आणि घाण्यावर काढून घ्या. खोबरे नीट वाळलेले हवे. वाटी मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे. वाकली तर आत पाणी आहे, आणि अशा तेलाचा साबण पुढे खवट होऊन त्यावर नारिंगी ठिपके उठतात. बुरशी लागू नये म्हणून काही ठिकाणी खोबऱ्याला गंधकाचा धूर देतात. तो वास तेलात आणि तेलातून साबणात उतरतो, कोणत्याही सुगंधाने झाकत नाही.

भेसळ हा त्याहून मोठा धोका. शुद्ध खोबरेल तेलाच्या एका किलोला साबण व्हायला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पाम तेलाला लागतो जेमतेम 142 ग्रॅम. डब्यात पाव हिस्सा पाम असेल तर गरज 173 ग्रॅमवर येते. तुम्ही खोबरेल तेलाच्या हिशेबाने सोडा घातलात तर उरलेला सोडा साबणात तसाच राहतो आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या हाताची सालं जातात. म्हणून प्रत्येक नव्या डब्याचे आधी 200 ग्रॅम तेल घेऊन साबणाचा छोटा घाणा करून बघा, मगच मोठा घाला.

प्रमाण असे : तेल 1 किलो, कॉस्टिक सोडा 177 ग्रॅम, पाणी 355 ग्रॅम. 183 ऐवजी 177 घेतो, कारण तेलाची गरज दर खेपेला थोडी वरखाली होते आणि चूक झालीच तर ती तेल शिल्लक राहण्याच्या बाजूने व्हावी. पाणीही वजनावरच मोजा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो, स्वयंपाकघरातले माप नाही. सोड्याचा डबा उघडा राहिला तर तो गोव्याच्या हवेतली ओल ओढून घेतो, मग 177 ग्रॅममध्ये खरा सोडा कमी भरतो आणि साबण मऊ राहतो.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीही नाही. पाणी वरून ओतले की ते जागच्या जागी उकळून अंगावर उडते. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे. अ‍ॅल्युमिनियमचे टोप अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, खिडक्या उघड्या, मुले आणि मांजरे घराबाहेर. अंगावर उडाले तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धरा. व्हिनेगर चोळू नका.

सोड्याचे द्रावण आणि तेल दोन्ही 35 ते 40 अंशांवर आले की एकत्र करून हॅण्ड ब्लेंडर थांबत थांबत चालवा. मिश्रण पातळ श्रीखंडासारखे झाले आणि वरून पडलेली धार पृष्ठभागावर दिसू लागली की साच्यात ओता. एप्रिलच्या उकाड्यात साचा गोधडीत गुंडाळू नका. नुसत्या खोबरेल तेलाचा साबण आतून खूप तापतो, मधून फुगून वर येतो. हाच साबण झटपट कडक होतो. साधारण सहा ते दहा तासांत, किंचित कोमट असतानाच कापा. रात्रभर ठेवून सकाळी कापायला गेलात तर कडा तुटून चुरा पडतो. एका किलो तेलात सुमारे 150 ग्रॅमच्या दहा वड्या होतात.

वड्या लाकडी फळ्यांवर सुट्या मांडून चार आठवडे वाळू द्या. या काळात प्रत्येक वडी पंधरा-वीस ग्रॅम हलकी होते. वेष्टनावर वजन छापायचे ते वाळल्यावरचे.

जून ते सप्टेंबर वाळवणी जवळपास बंद असते. साबणातले ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते, वड्यांना घाम फुटतो, कागद चिकटतो, शाई पसरते. त्यामुळे वर्षाचे गणित पुरुमेंतासारखे, म्हणजे पावसाळ्याआधी घरात साठा करून ठेवतात तसे, करावे लागते : शेवटचे मोठे घाणे एप्रिलच्या मध्यापर्यंत, मे अखेर वड्या पूर्ण वाळून झाकणबंद डब्यांत. चवथीची (गणेश चतुर्थीची) विक्री याच साठ्यातून होते. नाताळसाठी ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा सुरुवात करा.

लेबलवर काय लिहिता, याकडे नव्या कार्यकर्त्यांचे सगळ्यात कमी लक्ष असते. ‘इको-फ्रेंडली’, ‘हरित’, ‘पृथ्वीसाठी सुरक्षित’ असे मोघम शब्द आता नुसते छापता येत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. दाव्याला पुरावा हवा आणि तो ग्राहकाला मिळायला हवा. कायदा नसता तरी हेच करायला हवे होते. आपण कंपन्यांच्या खोट्या दाव्यांवर बोट ठेवतो, तर आपले वेष्टन आधी स्वच्छ हवे. ‘खोबरेल तेल, पाणी, कॉस्टिक सोडा. प्लास्टिकचे वेष्टन नाही’ एवढे पुरते. साबण मातीत विघटित होतो हे खरे, पण म्हणून नदीत किंवा विहिरीच्या काठावर कपडे धुवा असा अर्थ निघेल असे काहीही लिहू नका.

बंद वेष्टनावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, एककाची किंमत (दर ग्रॅमला किती), बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत वजनमाप खात्याकडे नोंदणी करायची. सुटे तोलून विकत असाल तर काट्यावर खात्याचा शिक्का हवा. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा गोव्यात मालासाठी वर्षाला 40 लाखांची आहे, पण पुण्या-बेळगावला पार्सल पाठवायचे ठरले की साधारणपणे नोंदणी आधी लागते. कर्ज पहिल्या वर्षी नकोच. यंत्रे घ्यायची वेळ आली की पणजीच्या ईडीसीत, म्हणजे उद्योगांना कर्ज देणाऱ्या सरकारी महामंडळात, मुख्यमंत्री रोजगार योजनेची माहिती घ्या.

किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरा. नमुन्यादाखल : तेल 400 रुपये किलो धरले तर वडीमागे तेलाचे 40, सोड्याचे 2, वेष्टनाचे 4, मजुरीचे 6, वीज-भाडे-चुरा मिळून 5, म्हणजे 57 रुपये. छापील किंमत 100 ठेवली आणि दुकानाने 35 टक्के कापले तर हातात 65 येतात, सुटतात फक्त 8. 120 ठेवली तर 21 सुटतात. तेलाचा भाव वाढला की हा आकडा त्याच दिवशी पुन्हा मांडा.

विक्रीसाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार चांगला, कारण तिथे घर चालवणाऱ्या बायका येतात आणि पुढच्या आठवड्यात तोंडावर सांगतात की साबण लवकर झिजला की टिकला. किनाऱ्यावरचे पर्यटक हौसेने घेतात, पण परत येत नाहीत. खरा आधार होमस्टे आणि छोट्या खाणावळींचा. त्यांना महिन्याला ठरलेला माल लागतो, वेष्टन लागत नाही. मात्र उधारी पंधरा दिवसांपलीकडे नेऊ नका, आणि पहिल्या खेपेला पाच वड्या त्यांच्या भांडी घासणाऱ्या माणसाच्या हातात द्या, मालकाच्या नव्हे.