स्कॉटलंडची १९९९ची मतमोजणी शेंगदाण्यांवर शिका

आमच्या जळगावकडे राज्यशास्त्र घेतलेली पोरं इथेच अडकतात म्हणून सांगतो. ६ मे १९९९ ला स्कॉटिश पार्लमेंटसाठी पहिल्यांदा मतदान झालं, जागा १२९, आणि प्रत्येकाला दोन मतं, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला (७३ जागा), दुसरं विभागातल्या पक्षाच्या उमेदवार-यादीला (५६ जागा, ८ विभाग, प्रत्येकी ७).

आता ताटात दाणे घ्या, एक दाणा म्हणजे यादीचं एक मत. पक्षाने त्या विभागात जिंकलेले मतदारसंघ मोजा, त्यात १ मिळवा आणि यादीची मतं त्याने भागा; ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याला यादीतली जागा. समजा 'अ' पक्षाकडे ६० दाणे पण ५ मतदारसंघ आधीच खिशात, मग ६० भागिले ६, आले १०. 'ब'कडे २८ दाणे, मतदारसंघ शून्य, म्हणजे २८च. पहिली जागा 'ब'ला. लगेच त्याचा भाजक २ करा, आले १४, दुसरीही त्यालाच! तिसऱ्यांदा ९.३३ येतात, तेव्हा 'अ'चा नंबर. असं ७ वेळा करायचं, आणि भाजक वाढवायला विसरू नका रे, बहुतेक चूक तिथेच होते.

मग खरा निकाल बघा, कॉन्झर्व्हेटिव्हना मतदारसंघात एकही जागा नाही पण यादीतून १८, आणि लेबरला ५३ मतदारसंघ पण यादीतून फक्त ३. मला तर ही पद्धत खूप न्यायाची वाटते.