तुतनखामूनचे नाव कसे वाचावे

तुतनखामून हा प्राचीन इजिप्तचा राजा; त्याचे नाव तिथल्या चित्रलिपीत लिहिलेले असते. आधी या लिपीतले पक्षी, माणसे कुठे बघताहेत ते पाहा. तोंडे उजवीकडे असतील तर वाचन उजवीकडून डावीकडे, डावीकडे असतील तर उलट. चिन्हे एकावर एक असतील तर वरचे आधी.

मग राजाच्या नावाभोवतीची लांबट कडी, म्हणजे कार्टूश, शोधा. या कडीत सुरुवातीला बोरूचे पाते (इथे सोयीसाठी ‘इ’, खरे तर य्-सारखे व्यंजन), सोंगट्यांचा पट (म्न्) आणि पाण्याची नागमोडी रेघ (न्) दिसते. नवखे इथेच फसतात आणि ‘इम्नन्’ वाचतात. पटातच म् आणि न् दोन्ही आहेत. रेघ त्यातला न् पक्का करते, तो दुसऱ्यांदा उच्चारायचा नाही. पुढे पाव, लाव्याचे पिल्लू, पाव: त्-व्-त्. मग अंख, म्हणजे वर फासा असलेला क्रूस, ‘जीवन’ या अर्थाचे चिन्ह. सुरुवातीचे ‘इम्न्’ म्हणजे अमून; तो देव असल्याने मानाने आधी लिहिला, पण वाचायचा शेवटी: तुत-अंख-अमून, ‘अमूनची जिवंत प्रतिमा’. शेवटी उरलेली आकडीची काठी, खांब आणि रोपटे हे नाव नव्हे, बिरुद आहे.

स्वर लिहीतच नसत. देवनागरीत ‘म’ म्हटला की ‘अ’ आलाच, ही सवय इथे सोडावी लागते. अभ्यासक सोयीसाठी मध्ये ‘ए’ घालतात; तो प्राचीन उच्चार नव्हे.

मुके चिन्हही ओळखायला शिका, खरी गंमत तिथेच आहे. घराच्या आराखड्याखाली उभी रेघ असेल तर ‘प्र्’, म्हणजे घर. त्याच आराखड्यासोबत तोंड (र्) आणि चालणारे पाय आले तर उच्चार ‘प्र्’च, अर्थ मात्र बाहेर पडणे. पाय वाचायचे नाहीत, ते फक्त हालचाल सांगतात.