अल्सरचा कोर्स पुरा झाला तो असा
जळगावात एंडोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून पोटाची तपासणी) केली तेव्हा जठरात अल्सर, म्हणजे जखम निघाली. त्याचं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८२ साली शोधलेला. त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. आपल्या खान्देशात अजूनही सगळा दोष शेवभाजीच्या तिखटाला देतात, ते बरोबर नाही.

दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी सुरू झाली, तसे जुलाब लागले. कोर्स अर्धवट सोडावासा वाटत होता. डॉक्टरांना विचारून सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टची कॅप्सूल जोडली, जेवणात घरचं ताक. पोट सावरलं, कोर्स पुरा झाला. नुसत्या अशा प्रोबायोटिकच्या (पोटाला उपकारक सूक्ष्मजीवांच्या) भरवशावर अँटिबायोटिक टाळू नका, हे कळकळीनं सांगतो. प्रोबायोटिक हे अँटिबायोटिक सोसायला मदत करतं. जंतू उरला आहे का हे पाहायला महिनाभरानंतर केलेली श्वासाची तपासणी निगेटिव्ह आली. गुडघेदुखीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी बंद केल्या, त्या गोळ्यांनीही अल्सर होतो.