अंगणातल्या बाकाची बुरशी कशी थांबली

कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की अंगणातल्या सामानाला पावसाइतकीच आच्छादनाखाली कोंडलेली ओलही नासवते. रत्नागिरीच्या आमच्या घरी निळ्या प्लॅस्टिकखाली सागवानी बाकाच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरत असे आणि खाऱ्या वाऱ्यामुळे लोखंडी टेबलाच्या पायांवर रंगाखालून गंजाचे फोड येत. म्हणून मी पीव्हीसीचा थर दिलेल्या जाड पॉलिस्टर कापडाची खोळ शिवून घेतली. आत हवा खेळावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना झडपेखाली जाळी ठेवली, खालची कड जमिनीपासून चार बोटे वर राखली आणि शिवणींना आतून जलरोधक पट्टी लावली, कारण असे कापड चांगले असले तरी सुईच्या भोकांतून पाणी झिरपतेच. टेबलावर मधोमध पालथी बादली ठेवल्याने खोळीला उतार मिळाला व पाणी साचेनासे झाले. हा बिनखर्ची उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. गंज पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात दिला. लाकूड मात्र पूर्ण वाळल्याशिवाय झाकू नये, आणि उघडीप मिळताच खोळ काढून त्याला वारा लागू द्यावा.